धबधब्याशेजारचं टेबल

लॅपटॉप खांद्याला लावून काम करायला जागा शोधणारा माणूस कधी नीट बघितलाय? कॅफेत शिरल्या शिरल्या त्याची नजर भिंतीच्या तळाशी जाते. प्लगपॉइंट आहे का? मग मोबाइलकडे. वायफायच्या किती दांड्या येतायत? मग मेनूकार्डाकडे. एका कॉफीवर किती वेळ बसू देतील? हे सगळं जमलं की काउंटरवरच्या पोराला तो हळूच विचारतो, "इथे शांत असतं ना?"

हा शेवटचा प्रश्न मोठा मजेशीर आहे, कारण त्याचं खरं उत्तर ऐकून त्यानं बहुधा उलट निर्णय घ्यायला हवा. असं का, ते समजून घ्यायला पुण्यामुंबईच्या कॅफेंपेक्षा महाडच्या पुढचं शिवथर बरं. पावणेचारशे वर्षांपूर्वी एका लेखकानं आपलं सगळ्यात मोठं काम करण्यासाठी तिथे जागा निवडली. त्याच्यापुढे अख्खा सह्याद्री मोकळा होता. शांत गुहांना तोटा नव्हता. आणि त्यानं पसंत केली ती घळ, जिच्या दाराशी धबधबा कोसळतो.

धबधबा! पावसाळ्यात ज्याच्यापुढे दोन पावलांवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. लिहायला बसायची ही जागा झाली का?

मुंबई-गोवा महामार्गावर महाडला वळून बिरवाडी मागे टाकली आणि वरंध घाटाच्या दिशेनं निघालं की डोंगर जवळ जवळ येऊ लागतात. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं त्या खोऱ्यात विखुरली आहेत. पलीकडे पोलादपूर तालुक्याचे डोंगर. पायऱ्या चढून घळीकडे जाताना एक गंमत मुद्दाम बघण्यासारखी आहे. पुढे गेलेल्या बाई मागच्या नातवाला हात हलवून काहीतरी सांगत असतात. तोंड हलताना दिसतं, बोटं चपलांकडे वळलेली दिसतात, शब्द मात्र एकही पोचत नाही. पोरगं दोन पायऱ्या वर येतं, कान पुढे करतं आणि मग त्याला कळतं की आजी चपला बाजूला काढायला सांगतेय. आत शिरलं की थंडावा, काळा ओलसर कातळ आणि समोरासमोर बसलेल्या दोन मूर्ती: सांगणारे समर्थ रामदास आणि लिहून घेणारे कल्याणस्वामी. 'दासबोध' इथे सिद्ध झाला अशी परंपरा आहे. वीस दशक, दोनशे समास, सुमारे पावणेआठ हजार ओव्या. ही घळ पुढे विस्मृतीत गेली होती. समर्थ साहित्याच्या शोधासाठी आयुष्य वेचलेल्या धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ती पुन्हा हुडकून काढली.

समर्थांना जागेची अडचण होती म्हणावं, तर तसंही नाही. चाफळला त्यांचा मठ होता, राममंदिर होतं, उत्सव होते, शिष्य होते. म्हणजे माणसांचा राबता, निरोप, हिशेब, जेवणावळी. आणि त्याच माणसाच्या नावावर सह्याद्रीत घळींची एक मालिकाच सांगितली जाते: चाफळची रामघळ, सज्जनगडाजवळची मोरघळ, तोंडोशीची घळ, कोयनेकाठची हेळवाकची घळ. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे आणि खरं काम तिसरीकडे, ही आपल्याला २०२० नंतर सुचलेली युक्ती नव्हे. ज्ञानेश्वरांनीही १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली ती आळंदीत नाही, प्रवरेकाठच्या नेवाशात, आणि लिहून घ्यायला होते सच्चिदानंदबाबा.

तर प्रश्न धबधब्याचा. आधी हे बघू की तो आवाज येतो तरी कुठून.

तुम्ही म्हणाल, पाणी दगडावर आपटतं म्हणून. मलाही तसंच वाटायचं. पण नुसत्या आपटण्याचा आवाज फारच थोडा असतो. गळक्या नळाचा 'टप्प' असा जो स्वच्छ आवाज येतो, त्याचा केंब्रिजमधल्या अनुराग अगरवाल आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं आणि पाण्यातल्या मायक्रोफोननं माग काढला. २०१८ साली त्यांनी दाखवलं की थेंब आदळतो त्या क्षणी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. थेंबानं पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना त्याच्या बुडाशी हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो, आणि तो बुडबुडा थरथरतो. आपण ऐकतो ती त्या बुडबुड्याची थरथर!

बुडबुड्याचा स्वर त्याच्या आकारावर ठरतो, हे तर त्याआधीच माहीत झालं होतं. मार्सेल मिनार्ट नावाच्या माणसानं १९३३ साली त्याचं गणित मांडलं. हा मनुष्य व्यवसायानं खगोलशास्त्रज्ञ, सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यासक, आणि हौस वाहत्या पाण्याच्या आवाजाची. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३,३०० वेळा कंप पावतो. एक सेंटिमीटर त्रिज्येचा असेल तर दहापट सावकाश, सुमारे ३३० वेळा. लहान बुडबुडा चिरका, मोठा बुडबुडा घोगरा.

आता कड्यावरून कोसळणारं पाणी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक क्षणी असंख्य बुडबुडे, अर्ध्या मिलिमीटरपासून बोराएवढ्यापर्यंत, सगळ्या मापांचे. प्रत्येकाचा स्वर वेगळा, प्रत्येकाचं आयुष्य निमिषभराचं. सगळे एकाच वेळी आपापला स्वर लावून फुटतायत. त्यातून जे तयार होतं त्यात कुठलाच एक स्वर नाही, कारण जवळजवळ सगळेच आहेत. खर्जापासून टिपेपर्यंत काठोकाठ भरलेला आवाज. धबधब्याचं खरं वैशिष्ट्य हे भरलेपण आहे. त्याच्या मोठेपणापेक्षा कितीतरी कामाचं.

कामाचं कसं, ते कानात शिरल्याशिवाय कळणार नाही.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी आहे. सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात एक पडदा ताणलेला असतो आणि त्यावर केसाळ पेशींची रांग. त्यांतल्या ज्या प्रत्यक्ष मेंदूला वर्दी देतात, त्या एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्या भांडवलावर आपण आईचा आवाज, किशोरीताईंची तान आणि शेजाऱ्याच्या कुकरची शिट्टी वेगवेगळी ओळखतो! हे जमतं कारण पडद्याच्या प्रत्येक जागेला आपला स्वर वाटून दिलेला आहे. दाराजवळच्या टोकाला बारीक, उंच आवाज. आत खोलवर जाड, खालचे आवाज. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत हे प्रत्यक्ष पाहिलं आणि त्यासाठी त्यांना १९६१ सालचं नोबेल मिळालं.

जागा वाटून दिलेली असली की एक अडचण आपोआप येते. एखाद्या जागेवरच्या पेशी आधीच एका आवाजात गुंतलेल्या असतील, तर त्याच जागेचा दुसरा, बारका आवाज त्यांना वेगळा काढता येत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी काढली तर ती असते, पण दिसत नाही. तसंच. माणसाच्या बोलण्यात शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. क, त, स, श यांची ओळख पटवणारे कंप सेकंदाला दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंतच्या पट्ट्यात येतात. आणि मिलिमीटरभराचे बुडबुडे कोणत्या पट्ट्यात गातात म्हणालो होतो? तीन हजारांच्या पुढेमागे! धबधबा नेमका माणसाच्या व्यंजनांवर पांढरा रंग फासतो. पायऱ्यांवरच्या आजींचा आवाज नातवाच्या कानापर्यंत येतच होता. त्याचे शब्द वाटेत पुसले गेले होते.

बरं, शब्द पुसले गेले म्हणून लिहिणाऱ्याला एवढा फायदा का व्हावा?

कारण कानाला झाकण नाही. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आणि मेंदूचा एक भाग कायम पहाऱ्यावर असतो: कोणी बोलतंय का? माझ्याविषयी बोलतंय का? १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी लोकांच्या एका कानात एक मजकूर ऐकवला आणि तो मोठ्यानं म्हणायला लावला. दुसऱ्या कानातल्या मजकुराकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. तो काय होता हे त्यांना नंतर सांगता येईना. पण त्यात त्यांचं स्वतःचं नाव आलं की दर तिघांतल्या साधारण एकाला ते ऐकू आलं. लक्ष नाही म्हणजे ऐकत नाही, असं नसतं तर.

त्याहून नवल पुढे आहे. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना पडद्यावर दिसणारी अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे कोणीतरी जर्मन वाचत होतं. विद्यार्थ्यांना जर्मनचा गंध नव्हता. तरी त्यांची आठवण गडबडली. म्हणजे बोलणं समजलंच पाहिजे असंही नाही. बोलण्याचा सतत बदलता चढउतार पुरतो. आपण मनात एखादं वाक्य जुळवत असतो तेव्हा तेही आतल्या आत बोललेलंच असतं, क्रमानं, एकामागून एक. बाहेरचं बोलणं त्याच क्रमात घुसतं आणि माळ विस्कटते. एकसुरी, न बदलणारा घोंघाट मात्र असा घुसत नाही. पंख्याची घरघर, पावसाची झड, धबधबा यांत 'पुढे काय' असा प्रश्नच नसतो, म्हणून मेंदू त्यांना थोड्या वेळात सोडून देतो.

आता पुन्हा कॅफेत येऊ. महाडचं हायवेवरचं हॉटेलही चालेल. दुपारचे अडीच. जेवणाची गर्दी ओसरलीये, हॉल रिकामा, छान शांतता. तुम्ही खूष होऊन लॅपटॉप उघडता. तीन टेबलं सोडून एक गृहस्थ फोनवर आहेत. "हां... नाही... कधी?... अरे पण मी त्याला सांगितलं होतं ना... बरं... मग ती काय म्हणाली?"

ती काय म्हणाली? झालं. तुमचं कामावरचं मन उडालं. त्या घराचं काय चाललंय हे कळल्याशिवाय आता एक ओळ पुढे सरकणार नाही.

हा तुमचा भोचकपणा नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हेच तपासलं. दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर लोकांच्या कामात फारसा फरक पडला नाही. एकाच बाजूचं, अर्धं संभाषण पडलं की चुका वाढल्या. पूर्ण संभाषणात पुढचं वाक्य काय येईल याचा मेंदूला अंदाज असतो. अर्ध्या संभाषणात अंदाज दर वेळी फसतो आणि फसलेल्या अंदाजाकडे बघितल्याशिवाय मेंदूला राहवत नाही. मग त्यांनी तेच अर्धं बोलणं असं गाळून ऐकवलं की आवाज राहिला पण शब्द कळेनात. त्रास गायब!

म्हणून एकच फोनवाला बसलेलं शांत हॉटेल ही कामाला सगळ्यात वाईट जागा. आणि भरलेलं? इथे डायलन जोन्स आणि बिल मॅकन यांचा १९९५ सालचा प्रयोग मला विलक्षण वाटतो. मागे एक माणूस बोलत असेल तर काम बिघडतं. दोन असतील तरी बिघडतं. पण आवाज वाढवत सहापर्यंत नेले की त्रास कमी होतो. सहा जण एकमेकांची व्यंजनं आपसात बुजवून टाकतात आणि उरतो तो गलका, एकसंध, म्हणजे धबधब्याच्या जवळ जाणारा. माणसं पुरेशी जमली की ती स्वतःच धबधबा होतात. यात एक बारकावा आहे: हे आवाज एकाच दिशेनं येत असतील तरच. चार कोपऱ्यांतून वेगवेगळे आले तर कान त्यांना दिशेवरून सुटे करतो आणि पुन्हा त्रास सुरू. तेव्हा गर्दीच्या हॉटेलात मधलं टेबल घेऊ नये. भिंतीला पाठ लावून, सगळा गलका समोरून येईल अशा कोपऱ्यात बसावं.

इराणी हॉटेलं यासाठी किती चोख होती! उंच छत, संगमरवरी टेबलं, आरसे, फरशी. मऊ काहीच नाही. प्रत्येक आवाज चार भिंतींवर आदळून दुसऱ्यात मिसळायचा. कपबशांचा खणखणाट, "एक बनमस्का, दो पानी कम", गल्ल्यावरची घंटी, आणि त्या सगळ्याच्या पोटात बसलेला, वर्तमानपत्राच्या मागे दिसेनासा झालेला माणूस. अरुण कोलटकर मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं बसत असत. खिडकीबाहेरचा तो चौक २००४ साली 'काळा घोडा पोएम्स' होऊन बाहेर आला. आजच्या कॅफेवाल्यांनी छताला फोम आणि खाली गालिचा घातला की मला भीती वाटते. आता शेजारच्या टेबलावरचा अख्खा घटस्फोट ऐकू येणार.

किती गलका चांगला? रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा यांनी २०१२ साली कँटीनमधली बडबड, रस्त्यावरची रहदारी आणि दूरचं बांधकाम यांचे आवाज मिसळून विद्यार्थ्यांना तीन पातळ्यांवर ऐकवले: ५०, ७० आणि ८५ डेसिबल. कल्पक उत्तरं ७० ला जास्त आली. ८५ ला घसरली. एका प्रयोगावर देऊळ बांधू नये, पण ७० डेसिबल म्हणजे साधारण भरलेल्या कॅफेचा आवाज. ऐन पावसाळ्यातला धबधबा याच्या बराच वर जातो. पण घळीच्या तोंडाशी उभं राहणं आणि आत सरकून बसणं यात फरक आहे. एकेक पाऊल आत गेलं की कातळ आड येतो आणि आवाज उतरतो. धबधब्याचा आवाज कमीजास्त करण्याचं बटण तिथे पायांत आहे.

हा कातळही काही साधा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर ओतले जाऊन सह्याद्री बनला. काही थर कठीण, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी पोखरतं, कठीण थर वर छतासारखा राहतो. पाणी कड्यावरून सरळ खाली पडायला लागतं तेही या उतरंडीमुळेच. म्हणजे घर बांधणाराही धबधबाच आणि शेजारी बसून गाणाराही तोच.

जाता जाता एक योगायोग. 'दासबोधा'च्या रचनेचा आरंभ परंपरेनं १६५४ च्या सुमाराचा मानतात. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६५२ साली, लंडनमधलं पहिलं कॉफीघर पास्क्वा रोझे नावाच्या माणसानं सुरू केलं. पुढे १६८० च्या दशकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात जहाजवाले आणि पैसेवाले भर गलक्यात टेबलावर बसून विम्याचे सौदे करू लागले आणि त्यातून 'लॉइड्स'चा जगभरचा विमा व्यवसाय उभा राहिला. एकीकडे शिवथरला बोरूची टोकं तासली जात होती, दुसरीकडे लंडनला कॉफी उकळत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

इथपर्यंत आल्यावर चाणाक्ष वाचकाच्या मनात एक शंका आलीच असेल. धबधबा जर शब्द पुसून टाकतो, तर कल्याणस्वामींना समर्थांचे शब्द ऐकू कसे आले? सांगणारा सांगतोय, लिहिणारा लिहितोय आणि शेजारी व्यंजनं खाणारा राक्षस!

हा मला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

पहिली गोष्ट अंतराची. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. अंतर निम्मं केलं की तेवढाच चढतो. हातभर अंतरावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या माणसाचा आवाज धबधब्यावर सहज मात करू शकतो, दहा पावलांवरच्या भाविकाचा करू शकत नाही. म्हणजे ज्याचं ऐकायचं तो ऐकू येतो, ज्याचं ऐकायचं नाही तो पुसला जातो. दाराशी बसवलेला याहून हुशार पहारेकरी कुठे मिळणार?

दुसरी गोष्ट आपल्या घशाची. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ साली दाखवलं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला सांगावं लागत नाही आणि सहसा थांबवताही येत नाही. पक्षीसुद्धा हेच करतात.

आणि तिसरी गोष्ट ओवीची. जॉर्ज मिलर आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली गोंगाटात शब्द ऐकवले. सुटे शब्द लोकांना कळेनात. तेच शब्द वाक्यात गुंफून तेवढ्याच गोंगाटात ऐकवले तर बरेच कळले. मेंदू नुसता ऐकत नसतो, तो पुढचं ओळखत असतो, आणि अंदाजाला जितका आधार मिळेल तितके कमी आवाज त्याला पुरतात. आता ओवीची घडण बघा. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. पहिला चरण कानावर पडला की दुसऱ्याचा शेवट कशाशी जुळणार हे कल्याणस्वामींना आधीच ठाऊक. पावणेआठ हजार ओव्यांतला माणूस एका ओवीच्या एका अक्षरात अडेल?

आणि अडलाच तर? १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्याच्या ध्वनिमुद्रणातून एका शब्दातला 'स' कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. वीस जणांना ऐकवलं. एकोणीस जण म्हणाले, काहीही गाळलेलं नाही. विसाव्यानं गाळलेलं म्हणून भलतंच अक्षर सांगितलं. त्यांना तो 'स' ऐकू आला होता, जो नव्हताच! पण त्या जागी खोकला न घालता नुसती शांतता ठेवली, तर भोक लगेच कळलं. गाळलेल्या जागी गोंगाट असेल तरच मेंदू म्हणतो, शब्द असणारच, गोंगाटाखाली झाकला गेलाय, आणि तो स्वतः भरून घेतो. धबधबा अक्षर खातो हे खरं, पण खाल्लेली जागा भरून काढायला मेंदूला तोच मुभा देतो. तुमच्या मोबाइलमध्येही ही युक्ती वापरलेली असते. समोरचा बोलायचा थांबला की लाइनवर मुद्दाम बारीक खरखर सोडतात, नाहीतर आपण लगेच ओरडतो, "हॅलो? हॅलो? आहेस का?"

'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे या सगळ्यात वाचलं की हसू येतं. अक्षर वाटोळं आणि सुटं असावं, शाई काळीभोर, ओळी सारख्या, एका ओळीच्या मात्रावेलांट्या दुसरीला लागू नयेत, भोवती चौफेर कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेनं झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. एखाद्या मुद्रकाला पाठ करून ठेवावी अशी ही ताकीद. दमट हवेत, उडणाऱ्या तुषारांशेजारी कागद सांभाळणाऱ्या माणसांना समास म्हणजे काय ते चांगलंच कळत असणार.

सोबतीचाही एक मुद्दा राहिला. रॉबर्ट झायन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली झुरळांची शर्यत लावली. होय, झुरळांची. सरळ नळीतून पळायचं असेल तेव्हा बाजूच्या पारदर्शक डब्यांत दुसरी झुरळं प्रेक्षक म्हणून बसवली की धावणारं झुरळ जास्त वेगानं पळालं. पण वाट सरळ नसून वळण घेऊन शोधायची असेल, तर प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला. नुसत्या कोणाच्या तरी असण्यानं अंगात जोर येतो. सरावाचं काम त्यानं झपाट्यानं होतं, नवं काम अडखळतं. मेल निपटणं, बिलं भरणं, एक्सेलचे रकाने जुळवणं यांसाठी गच्च भरलेला कॅफे. नवी गोष्ट शिकायची असेल तर घळ, आणि सोबत फार तर एक कल्याण.

आज शिवथरला लॅपटॉप घेऊन बसायचं म्हणाल तर अडचणी आहेत. मोबाइलच्या लहरींना डोंगर आड येतो आणि ते खोरं तीन बाजूंनी डोंगरानं वेढलेलं. पावसात वीज जाते. शिवाय ते लोकांचं श्रद्धास्थान आहे, तिथे चार्जर शोधत फिरू नये. उन्हाळ्यात धबधबा बारीक होतो, मग पायऱ्यांवरची गर्दी शब्दाशब्दासकट ऐकू येते. ज्येष्ठात आवाज परत भरतो. हॉटेलांचंही तसंच: जे सकाळी अकराला नकोसं, ते संध्याकाळी सहाला फर्मास. मीटिंगचं मात्र गणित उलटं. पलीकडच्याला तुमच्यामागचा धबधबा कदाचित ऐकूही येणार नाही, कारण एकसुरी आवाज ओळखून वजा करणं सॉफ्टवेअरला सोपं जातं. गर्दीतल्या माणसांचे आवाज वजा करायला त्याला घाम फुटतो.

तेव्हा पुढच्या वेळी कॅफेत शिरलात की प्लगपॉइंटच्या आधी एवढं करा. भिंतीला पाठ लावून बसा, डोळे मिटा आणि जवळच्या टेबलावरचं एक वाक्य मनातल्या मनात लिहून घ्यायचा प्रयत्न करा. वाक्य पूर्ण लिहिता आलं, तर टेबल बदला. कॉफी सांगायच्या आधी.